एक फुगा, दोन पॅराशूटवाले आणि दोन सोन्याचे तारे (१ नोव्हेंबर १९६२)

कोरडाशिधा
१ नोव्हेंबर २०२५, सकाळी ८.१०

आमच्या लहानपणी जून महिन्यात वह्या-पुस्तकांना कव्हर घालायला जो कागद घरात यायचा तो रद्दीवाल्याकडून आणलेला, सोव्हिएत लँड नावाच्या नियतकालिकाचा. जाड, गुळगुळीत, पावसात भिजला तरी आतलं पुस्तक वाचवणारा. माझ्या सहावीच्या भूगोलावर वर्षभर एक हेल्मेट काखेत धरलेला, छातीवर तारा लावलेला माणूस होता, कोण होता देव जाणे कारण नाव घडीत आत गेलेलं. मी त्याला बॉलपेनने मिशा काढल्या होत्या आणि त्याबद्दल आईचा मार पण खाल्ला होता (मिशांबद्दल नव्हे, शाई शर्टाला लागली म्हणून).

तर आज १ नोव्हेंबर, आणि ६३ वर्षांपूर्वी याच तारखेला व्होल्गाकाठच्या वोल्स्क गावाजवळून सकाळी एक फुगा वर गेला. त्याखालच्या गोलसर गोंडोल्याचं (माणसं बसायची कुपी) नाव पण "व्होल्गा"च. आत दोघं, मेजर येवगेनी आंद्रेयेव आणि कर्नल प्योत्र डोल्गोव, दोघंही हवाई दलासाठी पॅराशूट टेस्ट करणारे. म्हणजे नवीन पॅराशूट किंवा नवीन इजेक्शन सीट (पायलटला बाहेर फेकणारी खुर्ची) बनली की ती पहिल्यांदा अंगाला बांधून उडी मारायची, हा रोजचा धंदा.

दोघांची कामं वेगळी होती आणि हे नीट लक्षात ठेवा, कारण बऱ्याच ठिकाणी यात घोळ घालतात. आंद्रेयेवने २५,४५८ मीटरवरून बाहेर पडायचं आणि जमीन जवळ येईपर्यंत पॅराशूट उघडायचंच नाही. डोल्गोवचं बरोब्बर उलटं, त्याने आणखी वर जाऊन बाहेर पडायचं आणि लगेच पॅराशूट उघडून त्या उंचीपासून हळूहळू तरंगत खाली यायचं.

आंद्रेयेव ठरल्याप्रमाणे बाहेर पडला. २४,५०० मीटर तो नुसता पडत होता, २७० सेकंद, वरच्या विरळ हवेत वेग ताशी ९०० किलोमीटरच्या घरात गेला, आणि जमिनीपासून ९५८ मीटरवर पॅराशूट उघडलं. उतरला, धडधाकट.

तो गेल्यावर वजन कमी झालं म्हणून फुगा अजून वर चढला. डोल्गोव २८,६४० मीटरवर बाहेर पडला. निघताना हेल्मेटची काच गोंडोल्याच्या कशावर तरी आपटली. काचेला तडा. तेवढ्यावर प्रेशर सूटमधली हवा गेली. पॅराशूट मात्र उघडलेलं होतं, ठरल्यासारखं, आणि ते त्याला सावकाश खाली घेऊन आलं. खाली धावत गेलेल्या लोकांच्या हाती देह लागला.

१२ डिसेंबर १९६२ ला दोघांनाही "हिरो ऑफ द सोव्हिएत युनियन" जाहीर झालं, म्हणजे छातीवर सोन्याचा तारा. एकाने तो लावला, दुसऱ्याचा घरी गेला.

आपल्याकडे फुग्यातून उडी म्हटलं की २०१२ वाला बाउमगार्टनर, फार तर १९६० वाला अमेरिकन किटिंगर. या दोघांचं नाव मी मराठीत कुठे वाचलेलं नाही म्हणून धागा काढला. माहितगारांनी भर घालावी.

---

निशाचर_दादरकर
सकाळी ८.५५

भारी धागा. वाचनखूण साठवली.
२४.५ किमी म्हणजे आमच्या हिशोबात दादर ते ठाणे. स्लो गाडीने पाऊण तास, तेही डब्यात शिरायला मिळालं तर. हा माणूस साडेचार मिनिटांत आणि तिकीट पण नाही.

---

बॅटरीवाला
सकाळी ९.२०

ओ थांबा थांबा, हा डोल्गोव म्हणजे तोच ना जो गागारिनच्या आधी अंतराळात गेला आणि तिकडेच मेला आणि रशियनांनी दाबून टाकलं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मोठा फॉरवर्ड आलेला, त्यात हे नाव नक्की होतं, मला आठवतंय कारण मी ते डोल्गोबा वाचलं होतं.

---

कोरडाशिधा
सकाळी ९.४१

@बॅटरीवाला, हो तोच, आणि म्हणूनच तो फॉरवर्ड खोटा. त्या अफवांच्या यादीत याचं नाव आहे खरं, ऑक्टोबर १९६० मध्ये यानात मेला असं म्हणतात. आता जो माणूस नोव्हेंबर १९६२ मध्ये वोल्स्कहून फुग्यात बसून वर जातोय तो दोन वर्षं आधी मेलेला कसा असेल, तुम्हीच सांगा.

नाव यादीत गेलं कसं याचा माझा अंदाज सांगतो. वोस्तोक यानात जी बाहेर फेकणारी खुर्ची होती तिच्या चाचण्या करणाऱ्यांत डोल्गोव होता. म्हणजे गागारिन ज्या पद्धतीने खाली आला ती आधी अंगावर काढणाऱ्यांपैकी हा एक. अंतराळाशी संबंध होता, माणूस उडी मारताना गेला हे पण खरं, आणि सगळंच गुप्त, मग लोकांनी मधली जागा भरून काढली.

आणि याच्यात अजून एक गंमत आहे. १२ एप्रिल १९६१ ला गागारिन यानात बसून जमिनीवर उतरलाच नव्हता. साधारण ७ किलोमीटरवर खुर्चीसकट बाहेर, मग स्वतःच्या पॅराशूटने खाली. उतरला कुठे तर साराटोव प्रांतात एंगेल्स शहराजवळ, आणि वोल्स्क पण त्याच साराटोव प्रांतात, त्याच नदीच्या काठी. पण विक्रमांची नोंद ठेवणारी जी आंतरराष्ट्रीय संस्था आहे, एफएआय, तिचा नियम असा की पायलट विमानातच बसून उतरला पाहिजे. मग काय, सोव्हिएत मंडळींनी कित्येक वर्षं सांगितलंच नाही की बाबा उडी मारून आलाय. म्हणजे जगातली सगळ्यात गाजलेली पॅराशूट उडी ती, आणि तिच्याबद्दलच मौनव्रत!

---

उसगावकर_नाना
सकाळी १०.०५

धागा चांगला आहे पण जरा एकतर्फी होतोय असं नम्रपणे सांगतो. किटिंगरला "फार तर" म्हणून उडवलंत ते काही पटलं नाही. अहो, तो दोन वर्षं आधी यांच्याहून वर गेला होता.

कॅप्टन जो किटिंगर, अमेरिकन हवाई दल, १६ ऑगस्ट १९६०, न्यू मेक्सिको. १,०२,८०० फूट म्हणजे ३१ किलोमीटरच्या वर. आणि यांच्यासारखी बंद कुपी नाही, उघडा गोंडोला, म्हणजे पाळण्यात बसल्यासारखं, भोवती काही नाही. चढायलाच दीड तास लागला. चढताना उजव्या हातमोज्यात हवा भरत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं. हे खाली सांगितलं की लगेच रद्द करून परत बोलावणार, म्हणून गप्प बसला, हात सुजून दुप्पट झाला, वापरता येईना, तरी वरती गेला. देवा आता तूच सांभाळ असं म्हणून पाऊल पुढे टाकलं. ४ मिनिटं ३६ सेकंद पडत होता, वेग ताशी ६१४ मैल, बाहेर उणे ७०. खाली आल्यावर काही तासांनी हात पूर्ववत.

त्याच्या आधीच्या उडीचं तर विचारूच नका. नोव्हेंबर १९५९, ७६,४०० फूट. स्थिर ठेवायला जे छोटं पॅराशूट असतं ते लवकर सुटलं आणि दोरी मानेला गुंडाळली, मिनिटाला १२० गिरक्या, बेशुद्ध. रिझर्व्ह पॅराशूट आपोआप उघडलं म्हणून वाचला. आणि महिन्याभरात, ११ डिसेंबरला, परत उडी! आपल्याकडे स्कूटरवरून पडलं तर माणूस सहा महिने रिक्षाने जातो.

खुद्द राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्याला हार्मन ट्रॉफी दिली. त्यामुळे सत्काराच्या बाबतीत पण आमचा माणूस कमी नाही. हलके घ्या.

---

शंका_निरसन
सकाळी १०.३०

नाना तुमचा माणूस? तुम्ही मूळचे चिपळूणचे ना?

---

उसगावकर_नाना
सकाळी १०.३३

३१ वर्षं टॅक्स भरतोय तिकडे, एवढं म्हणायचा हक्क आहे.

---

कोरडाशिधा
सकाळी ११.१५

नाना, "फार तर" मागे घेतो. किटिंगर हा वेगळाच नमुना होता याबद्दल दुमत नाहीच, पुढे व्हिएतनाममध्ये १९७२ साली विमान पडलं तेव्हा अकरा महिने कैदेत पण काढले त्याने, आणि १९८४ मध्ये एकट्याने फुग्यातून अटलांटिक ओलांडला, असं करणारा पहिला.

पण विक्रमाच्या वहीत नाव आंद्रेयेवचं आहे आणि त्याला कारण आहे. किटिंगरच्या पाठीला ते छोटं पॅराशूट होतं, ड्रोग. गिरक्या लागू नयेत म्हणून. आंद्रेयेवकडे ते नव्हतं. एफएआयच्या हिशोबात ड्रोगवाली आणि बिनड्रोगची उडी हे दोन वेगळे वर्ग, आणि किटिंगरची उडी तशीही त्यांच्याकडे विक्रम म्हणून नोंदवलेली नाही, हवाई दलाला तेव्हा आपला पायलट जिवंत खाली कसा आणायचा एवढंच पडलेलं होतं. त्यामुळे बिनड्रोगच्या मुक्त पडण्याच्या अंतराचा विक्रम आंद्रेयेवकडे ५० वर्षं राहिला, ऑक्टोबर २०१२ मध्ये बाउमगार्टनरने मोडेपर्यंत.

बाकी प्रत्यक्षात किटिंगर जास्त अंतर पडला हे मान्य. साधारण २५.८ किमी.

---

उसगावकर_नाना
सकाळी ११.३२

हां, मग कसं. पण ड्रोग लावला म्हणून उडी सोपी झाली असं कोणी म्हणू नये.

---

फिजिक्सची_मॅडम
दुपारी १२.४०

सोपी नाही झाली, पण वेगळी नक्कीच झाली. दोघांचं भांडण सोडवते.

आपण ज्या हवेत राहतो तिचा एक उपयोग आपल्याला कळत नाही, ती आपल्याला धरते. स्कायडायव्हिंगचे व्हिडिओ बघता ना, लोक हात थोडा खाली केला की वळतात, पाय आखडले की पुढे सरकतात, ते सगळं हवेवर टेकून चाललेलं असतं. २५ किलोमीटरवर हवेचा दाब इथल्या अडीच टक्के. टेकायलाच काही नाही. तिथे अंगाला जरा जरी गिरकी लागली तर हात हलवून ती थांबत नाही, वाढत जाते. पंख्याच्या पात्यासारखं आडवं फिरायला लागलं तर डोक्यात रक्त चढतं आणि माणूस शुद्धीवर राहत नाही. नानांनी १२० गिरक्यांचं सांगितलं ते हेच. ड्रोग म्हणजे पतंगाची शेपटी. शेपटी लावली की पतंग गोते खात नाही.

आंद्रेयेव शेपटीशिवाय आला, म्हणजे पहिला काही वेळ त्याला फक्त बाहेर पडताना अंग सरळ राहिलं यावर भरवसा ठेवायचा होता, आणि जसजशी दाट हवा लागेल तसं हातापायांनी सावरायचं. हे कौशल्याचं काम आहे, निव्वळ धाडस नाही.

आता दुसरं. वेग. अंतर भागिले वेळ केलंत तर आंद्रेयेवचा सरासरी वेग येतो ताशी ३२७ किमीच्या आसपास. मग ९०० कुठून आले? वर विरळ हवेत अडवायला कोणी नाही म्हणून वेग भसाभस वाढतो, खाली दाट हवा आली की तीच हवा ब्रेक लावते. म्हणजे पडणारा माणूस जमीन जवळ येते तसा हळू होत जातो, हे मुलांना सांगितलं की वर्गात निम्मे हात वर होतात. शेवटी पोटावर पडताना साधारण ताशी २०० किमी धरले तर ९५८ मीटर म्हणजे १७ सेकंद. पॅराशूट उघडलं तेव्हा त्याच्या हातात हिशोबाने तेवढेच उरले होते.

डोल्गोवबद्दल लिहायला जरा जड जातंय पण लिहिते. साधारण १९ किलोमीटरच्या वर दाब इतका कमी असतो की शरीराच्या तापमानालाच पाण्याची वाफ होते. डोळ्यावरचा ओलावा, जिभेवरचा. २८ किलोमीटरवर सूटमधला दाब गेला तर शुद्ध हरपायला दहा-पंधरा सेकंद पुरतात. काही करायला, काही दाबून धरायला वेळच मिळत नाही. त्याला फार सोसावं लागलं नसेल एवढंच.

---

निशाचर_दादरकर
दुपारी १.०५

मॅडम, पतंगाची शेपटी! बारावीला तुमच्यासारखं कोणी शिकवलं असतं तर मी आज बँकेत नसतो.

---

आबोली_दुबई
दुपारी १.५०

मी केलंय स्कायडायव्हिंग!! टँडम, पाम जुमेराच्या वर, १३,००० फूट, नवऱ्याने वाढदिवसाला गिफ्ट दिलं (विमा काढलाय का ते आधी बघून घेतलं मी 😄). इन्स्ट्रक्टर पाठीला बांधलेला असतो त्यामुळे आपल्याला काही करायचं नसतं, फक्त किंचाळायचं. एक मिनिटभर पडतो आपण. आणि मला वाटलेलं पोटात गोळा येईल, जत्रेतल्या पाळण्यात येतो तसा, तसं काहीच नाही, पडतोय असं वाटतच नाही, खालून कोणी मोठा टेबलफॅन लावून आपल्याला वर धरलंय असं वाटतं. गालांचं मात्र जे होतं ते व्हिडिओत बघून सासूबाई तीन दिवस हसत होत्या.

पण माझा प्रश्न, हे लोक ८००-९०० च्या स्पीडला जातात तर त्यांना तो वेग जाणवत असेल का? वारा किती असेल?

---

कोरडाशिधा
दुपारी २.१०

@आबोली, किटिंगरने याबद्दल सांगून ठेवलंय की सुरुवातीला वेगाची काहीच जाणीव नव्हती. आपल्याला वेग कळतो तो बाजूची झाडं मागे जातात म्हणून. तिथे बाजूला काही नाही, सूट फडफडत नाही, आवाज नाही. त्याने पाठीवर वळून फुग्याकडे बघितलं तेव्हा फुगाच झपाट्याने वर निघून चाललाय असं त्याला दिसलं.

---

शंका_निरसन
दुपारी २.४५

एक बेसिक शंका. हे सगळं करायचं कशाला? म्हणजे माणूस २५ किलोमीटरवरून कधी उडी मारणार आहे? त्या डोल्गोवचा जीव गेला तो नक्की कशासाठी? विक्रमासाठी असेल तर मला तरी तो तारा बोचेल. राग नका मानू.

---

कोरडाशिधा
दुपारी ३.२०

राग कसला, हाच प्रश्न महत्त्वाचा.

१९६० च्या सुमाराला विमानं भलतीच वर जायला लागली होती. १ मे १९६० ला सोव्हिएत मंडळींनी स्वेर्दलोव्स्कजवळ जे अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं ते साधारण २० किलोमीटरवरून चाललेलं. त्यातला गॅरी पॉवर्स पॅराशूटने जिवंत उतरला आणि पकडला गेला. म्हणजे इतक्या वरून माणसाला बाहेर पडायची वेळ येते, खरोखर येते. मग पॅराशूट लगेच उघडायचं की खाली येऊन? लगेच उघडलं तर दाट हवेत पोचेपर्यंत ऑक्सिजन पुरेल का, थंडीने बोटं झडतील का? नाही उघडलं तर गिरक्या लागतील का? आता परत बघा त्या दोघांची कामं. एकाने न उघडता यायचं, दुसऱ्याने लगेच उघडून. प्रश्नाची दोन्ही टोकं एकाच सकाळी, एकाच फुग्यातून तपासायला निघाले होते. म्हणून मी वर म्हणालो की कामं वेगळी होती हे लक्षात ठेवा. "दोघं विक्रम करायला गेले, एक जिंकला एक मेला" असं जे लिहितात ते मला खुपतं.

विक्रमाचा हव्यास अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. शीतयुद्ध होतं, दोन्हीकडे फुशारकी होतीच.

---

बॅटरीवाला
दुपारी ३.४०

पटलं. फॉरवर्ड करणाऱ्या काकांना ही लिंक पाठवतोय, ते ग्रुप सोडतील बहुतेक.

---

सातारी_पोरगं
संध्याकाळी ६.१५

उशिरा आलो. आमच्या घरचा विषय आहे हा, थोडं लांबण लागेल.

आमचे बाबा पॅराशूट रेजिमेंटमधून सुभेदार म्हणून रिटायर झाले. इथं बऱ्याच जणांना माहीत नसेल, आत्ताची २ पॅरा म्हणजे मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची ३ री बटालियन, आणि २१ पॅरा पण मूळची २१ मराठा. त्यामुळं आमच्याकडं गावोगावी एखादा तरी मरून रंगाच्या टोपीवाला, म्हणजे पॅराशूट सैनिक, निघतोच. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलला जी २ पॅरा उतरली, आत्ताच्या बांगलादेशात, त्यातले एक आजोबा शेजारच्या गावात होते. त्यांना मुलाखत वगैरे विचारली की म्हणायचे, अरे विमानातनं ढकलल्यावर खाली जाण्याशिवाय दुसरा रस्ता असतोय का.

पण ती उडी आणि या धाग्यातली उडी यात लई फरक. ती स्टॅटिक लाइन. पॅराशूटची पट्टी विमानातल्या तारेला अडकवलेली असते, माणूस बाहेर पडला की पट्टी ओढली जाऊन पॅराशूट आपोआप उघडतं. बाबांचं सगळं ट्रेनिंग आग्र्याला, पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल, उड्या मालपुऱ्याच्या मैदानावर. पाच उड्या झाल्या की विंग म्हणजे पॅराट्रूपरचा बिल्ला मिळतो, त्यातली एक रात्रीची. बाबा सांगतात, दार उघडलं की आधी कान बसतात, मग तोंडातली थुंकी वाळते, मग लाल दिवा, मग हिरवा, आणि हिरवा लागल्यावर विचार करायला वेळ नसतोय कारण मागचा पुढं सरकलेला असतो. बाहेर पडलं की मोजायचं, एक हजार, दो हजार, तीन हजार, आणि मान वर करून छत्री बघायची. पहिल्या उडीला ते दोन हजारलाच वर बघत होते म्हणं.

जमिनीवर उतरताना पाय आणि गुडघे जोडून ठेवायचे, वाकवून, नाहीतर मोडतात. हे इतकं अंगात मुरलंय की आज ७४ व्या वर्षी पण बाबा एसटीच्या शेवटच्या पायरीवरनं दोन्ही पाय जोडून, गुडघे वाकवून उतरतात. कंडक्टर बघत राहतो. आई म्हणती, अहो माणसासारखं उतरा की.

फ्री फॉल बाबांनी केला नाही. ती पुढची पायरी, मोजकी पोरं निवडतात. खूप वरनं उडी मारायची, ऑक्सिजनचा मास्क लावून, विमानातच आधी बराच वेळ नुसता ऑक्सिजन ओढत बसायचं म्हणजे रक्तातला नायट्रोजन निघून जातो, नाहीतर पाणबुड्यांना होतो तसा सांध्यांचा त्रास होतो. मग एकतर खाली येईपर्यंत उघडायचं नाही, शत्रूला दिसू नये म्हणून, नाहीतर वरच उघडून तरंगत लांबवर घुसायचं.

म्हणजे कोरडाशिधा साहेब, तुमच्या त्या दोघांची जी दोन कामं, तीच आज रोजची झालीत बघा.

---

फिजिक्सची_मॅडम
संध्याकाळी ६.५०

एसटीची पायरी वाचून डोळ्यासमोर आले बाबा. त्यांना नमस्कार सांगा.

तुमच्या शेवटच्या वाक्याला जोडून, गेल्याच महिन्यात १५ ऑक्टोबरला बातमी होती, डीआरडीओने बनवलेल्या पॅराशूटने आपल्या हवाई दलाच्या लोकांनी ३२,००० फुटांवरून उडी मारली. आग्रा आणि बंगळुरूच्या प्रयोगशाळांनी बनवलेलं. पॅराशूट उघडलं ३०,००० फुटांवर, म्हणजे डोल्गोवच्या पद्धतीने, लगेच. आणि दिशा शोधायला आपलं नाविक, म्हणजे जीपीएससारखी भारताची उपग्रह यंत्रणा.

आणखी एक आपल्याकडची उडी मला फार आवडते कारण ती उलटी आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये हवाई दल दिनाच्या निमित्ताने विंग कमांडर गजानंद यादव आणि वॉरंट ऑफिसर ए. के. तिवारी हे दोघं लेहहून सी-१३० जे विमानातून निघाले आणि खारदुंगला खिंडीत उतरले. त्यात विक्रम किती वरून उडी मारली याचा नाही, किती उंचावर उतरले याचा, १७,९८२ फूट. हवा विरळ म्हणून पॅराशूट नेहमीपेक्षा जोरात खाली येतं, त्यात खिंड, दगड, आणि आजूबाजूला डोंगर. गुडघे जोडण्याचं महत्त्व तिथे सातारी_पोरगंच्या बाबांना विचारा.

---

निशाचर_दादरकर
संध्याकाळी ७.२०

पुण्याच्या शीतल महाजन पण घ्या ना यात. सैनिक नाहीत पण २००४ मध्ये आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर. पद्मश्री २०११. पहिलीच! मी पहिल्यांदा पोहायला गेलो तेव्हा तीन दिवस पायरीवर बसून होतो.

---

उसगावकर_नाना
रात्री ८.३०

इकडे आत्ता सकाळचा चहा चाललाय. एक राहून गेलं ते टाकतो. २०१२ मध्ये बाउमगार्टनर ३९ किलोमीटरवरून उतरला तेव्हा खालून त्याच्याशी रेडिओवर बोलणारा माणूस कोण होता? किटिंगर. वय वर्षं ८४. ज्याचा विक्रम मोडायचा त्यालाच दार उघडायच्या सूचना द्यायला बसवलं होतं. आणि बाउमगार्टनर ताशी १,३५७ किमीने, आवाजाच्या पुढे गेला खरा, पण मुक्त पडण्याचा वेळ ४ मिनिटं १९-२० सेकंद. किटिंगरचे ४.३६, ते राहिलेच पुढे. किटिंगर डिसेंबर २०२२ मध्ये गेला, ९४ व्या वर्षी. बाउमगार्टनर याच जुलैत इटलीत पॅराग्लायडिंग करताना गेला.

---

आबोली_दुबई
रात्री ९.००

अरे देवा, बाउमगार्टनर गेलेला मला माहीतच नव्हतं. आणि आंद्रेयेव? तो किती जगला?

---

कोरडाशिधा
रात्री ९.१२

२००० सालापर्यंत. ७३ वर्षांचा होऊन गेला. म्हणजे विक्रम त्याच्यानंतरही बारा वर्षं टिकला.

---

सातारी_पोरगं
रात्री १०.०५

आत्ता जेवणं झाल्यावर बाबांना धागा पहिल्यापासून वाचून दाखवला. मधे मधे हां हां करत होते. उसगावकर नानांच्या किटिंगरची मानेला दोरी गुंडाळलेली ऐकून मान हलवली. मला वाटलं डोल्गोवचं ऐकून काहीतरी बोलतील, तर बराच वेळ गप्प, सुपारी कातरत होते. मग एकच विचारलं, "त्याची छत्री उघडली होती ना नीट?"

म्हटलं हो, नीट उघडली, त्याच्यावरच खाली आला, काच फुटली हेल्मेटची.

"बरं," म्हणाले, "मग घडी घालणाऱ्याची चूक नव्हती." आणि झोपायला गेले.